फिरवलेलं अंडं

सापांना ओवाळायचं की नाही, या प्रश्नावर आत्या उंबऱ्यातच अडून राहिल्या होत्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. समोर मी, आणि माझ्या पायाशी झाकणाला भोकं पाडलेले दोन प्लास्टिकचे डबे.

"नवं माणूस घरात येताना तुकडा ओवाळून टाकायचा असतो," त्या म्हणाल्या. "जनावरावरनं पण टाकतो की आपण. म्हैस आणली तवा टाकला होता."

"मग टाका की, आत्या."

"पण म्हैस दूध देती. ह्यांना आपणच पाजायचं म्हणं."

साप दूध पीत नाही, हे मी त्यांना सापांचं घरी कळल्यापासून तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं. त्यांनी लांबूनच दोन्ही डब्यांवरून घाईघाईनं तुकडा ओवाळला, पाणी फिरवलं आणि तुकडा अंगणात असा भिरकावला की तो जाऊन थेट मामांच्या पायाशी पडला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई, आणि मामा म्हणजे सासरे, जयसिंगराव फडतरे. आमच्या सांगली भागात सासू-सासऱ्यांना आत्या-मामाच म्हणतात. विट्याच्या अलीकडं मामांची हॅचरी. अंडी उबवायची, पिल्लं काढायची आणि एका दिवसाची पिल्लं पोल्ट्रीवाल्यांना द्यायची, हा धंदा. त्यामुळं घरातल्या अंड्याइतकी काळजी त्यांनी पोटच्या पोराचीही कधी घेतली नसेल, असं माझा नवरा संग्राम म्हणायचा. तो पोटचं पोरच होता, तेव्हा त्याला ठाऊक असणार.

मामांनी पायाशी पडलेल्या तुकड्याकडं पाहिलं, मग डब्यांकडं.

"पोरी, तीस वर्षं मी हॅचरीभोवती चुन्याची लाइन मारतोय, सुंबाची धुरी देतोय, भिंतीचं एकेक भोक लिंपतोय. कशासाठी? साप येऊ नये म्हणून. आणि तू पुढल्या दारानं घेऊन आलीस?"

"हे अंड्यांना तोंड लावत नाहीत, मामा. बॉल पायथन आहेत. आफ्रिकेतले छोटे अजगर. लाजरे असतात. भ्यायले की अंगाचा चेंडू करून बसतात."

"भ्यायचं मी का त्यांनी?" मामांनी विचारलं आणि आत निघून गेले.

आता हे साप माझ्याकडं आले कसे, ते सांगते. मिरजेतला वरदराज नावाचा माझा मित्र परदेशी निघाला होता. त्याच्याकडच्या लहान पिल्लांना घरं लगेच मिळाली. ही दोन थोराड, एक मादी, एक नर, त्यांना कोणी घेईना. लोकांना रंगीत, हातभर लांबीचं पिल्लू हवं असतं. वाढलेलं, सवयी लागलेलं, आधीच्या घराची ओढ असलेलं जनावर कोण घेतंय? मी त्यांना चार वर्षं ओळखत होते. वनखात्याकडं रीतसर नोंद बदलून घेतली, आणि लग्नाआधी संग्रामला एकच अट घातली. तो मान डोलावून बसला. घरी सांगायचं काम मात्र त्यानं दसऱ्यापर्यंत लांबवलं. त्या दोघांना मी मनातल्या मनात शब्द दिला होता की आता तिसरं घर दाखवायचं नाही. मी स्वतः नुकतीच घर बदलून आलेली बाई, म्हणून तो शब्द जरा जास्तच मनापासून दिला होता.

वरदराजनं त्यांची नावं कोको आणि मोका ठेवली होती. आत्यांना ती पटेनात, बिस्किटासारखी वाटली. त्यांनी मादीला सगुणा म्हणायला सुरुवात केली आणि सदा गोळा होऊन बसणाऱ्या नराला गुंड्या. दोघंही लगेच तीच झाली.

कोठीशेजारच्या खोलीत मी त्यांची बिऱ्हाडं मांडली. दोन मोठे वेगवेगळे डबे, एका टोकाला खालून ऊब, दुसऱ्या टोकाला पाण्याचं जड भांडं, मधे लपायला जागा. त्या लपायच्या जागेसाठी आत्यांनी तोंड फुटलेला माठ दिला. नवरा-बायकोंना वेगळे डबे का, असं विचारलं. मी सांगितलं, यांना एकटं राहायला आवडतं, कामापुरतंच एकत्र येतात.

"चांगलं हाय की," आत्या म्हणाल्या, आणि हॅचरीकडं एकदा बघून कामाला लागल्या.

गुंड्यानं आठवड्यातच पहिला घास घेतला. बर्फात गोठवलेले मेलेले उंदीर मी पुण्याहून मागवायचे, त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रीजर घेतला होता, कारण आत्यांच्या मटारांशेजारी ते ठेवले असते तर त्या दिवशी घटस्फोट झाला असता. उंदीर कोमट पाण्यात सोडून गरम करायचा आणि चिमट्यानं जरा हलवून दाखवायचा, म्हणजे त्याला जिवंत वाटतो. सगुणानं मात्र तोंड फिरवलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, महिना गेला. नव्या जागी हे साप असे उपाशी राहतात, महिनोन् महिने राहतात, त्यांना काही होत नाही. हे मला ठाऊक होतं. आत्यांना ते सांगून उपयोग नव्हता. फडतऱ्यांच्या घरात दाराशी आलेला पोस्टमन चहा घेतल्याशिवाय जात नसे. तिथं घरातला एक जीव उपाशी राहतो म्हणजे त्यांच्या हाताला बट्टा.

त्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज खाल्लं का?" नाही म्हटलं की त्यांचंच जेवण कमी व्हायचं. मामांनीही आपल्या परीनं पाहुणचार केला. एकदा हॅचरीतलं दगावलेलं पिल्लू घेऊन आले, ताजं आहे म्हणाले. सगुणानं जीभ दोनदा लपलप केली आणि माठात जाऊन बसली. मामा चांगलेच दुखावले.

"फडतऱ्यांच्या पिल्लाला नाक मुरडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. मग आत्यांकडं वळले. "हौसा, फिरवायला चुकलीस."

या वाक्याचा खुलासा करायला हवा, कारण ते त्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचं. हॅचरी सुरू झाली तेव्हा मोठी यंत्रं नव्हती. लाकडाची एक पेटी होती, आत बल्ब, आणि ओळीनं मांडलेली अंडी. कोंबडीचं अंडं उबवताना दिवसातून चार-पाच वेळा फिरवावं लागतं, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून मरतो. कोंबडी ते आपल्या चोचीनं करते. पेटीतल्या अंड्यांचं आत्यांनी केलं. पहाटे उठून, स्वयंपाकात मधेच हात पुसून, संग्राम पाळण्यात रडत असताना, वर्षानुवर्षं. डाव्या कोपऱ्यातल्या अंड्यापासून सुरुवात करायची आणि ओळीनं पुढं जायचं. अंडी विकत आणणं, पिल्लं विकणं, पेपरात फोटो छापून घेणं हे मामांचं काम. आणि एखादी खेप नासली तर दोष कुणाचा हे ठरवणं, तेही मामांचंच. म्हणायचे, "हौसा, फिरवायला चुकलीस."

पुढं दर तासाला आपोआप फिरवणारी यंत्रं आली. वाक्य मात्र तसंच राहिलं. आमटी खारट झाली, फिरवायला चुकलीस. संग्राम बारावीला गणितात गटांगळी खाऊन आला, फिरवायला चुकलीस. टीव्हीवर ऐन बातम्यांच्या वेळी मुंग्या आल्या, तरी तेच. आत्या पदर सारखा करून म्हणायच्या, "चुकले बाई." नवी सून म्हणून मला ती घरातली गंमत वाटायची. मीही मोकळेपणानं हसायचे.

संक्रांतीच्या सुमाराला मी सगुणाच्या डब्यावर कापड टाकलं आणि सगळ्यांना हात जोडून सांगितलं की आठ दिवस तिच्याकडं कुणी बघायचं नाही, तिची चौकशी करायची नाही, तिच्या वाटचं उपाशी राहायचं नाही. आत्यांना ते फार जड गेलं. नवव्या दिवशी सगुणानं उंदीर असा झडप घालून ओढला की चिमटा माझ्या हातून सुटला. आत्यांना सांगितलं तर त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

अंगानं भरल्यावर मी तिला आणि गुंड्याला काही दिवस एकत्र ठेवलं. आत्यांनी पंचांग बघितलंस का म्हणून विचारलं, मामांनी आहेर काय करायचा ते. चेष्टा करायची संधी त्या घरात कुणी सोडत नसे. पण माघ संपता संपता सगुणा पुन्हा खायची बंद झाली, अंगानं जड झाली, उबेच्या बाजूला उलटीपालटी पडून राहू लागली, तेव्हा सगळ्यात आधी गप्प झाल्या त्या आत्या. या वेळी त्यांनी खाल्लं का म्हणून विचारलं नाही. दारातून नुसतं बघायच्या आणि पाय न वाजवता परत जायच्या.

पाडव्याच्या मागंपुढं सगुणानं सहा अंडी घातली. पांढरी, लांबट, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, आणि कवच असं चामड्यासारखं मऊ. ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. आणि मामा, जे पाच महिन्यांत त्या खोलीत चार वेळाही आले नव्हते, ते चप्पल काढून आत आले.

अंडं म्हटलं की मामांचा चेहराच बदलायचा. ते उकिडवे बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आमच्या यंत्रात ठेवू."

मी म्हटलं, तुमच्या यंत्रात साडेसदतीस अंश असतात, हिला साडेएकतीस पुरतात, तिथं ठेवली तर शिजतील. मात्र आईजवळही ठेवायची नव्हती. तसं ठेवलं तर ती आणखी दोन महिने खाणार नाही, आणि आधीच ती खंगली होती. आत्यांनी लगेच माझी बाजू घेतली. बाळंतिणीच्या पोटात आधी काहीतरी जाऊ दे, पोरांचं आपण बघू, म्हणाल्या. मग माळ्यावरून ती जुनी लाकडी पेटी खाली उतरवली गेली. संग्रामनं तिला नवा थर्मोस्टॅट बसवला. मी ओलसर भुशावर अंडी एकेक सुटी मांडली आणि प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीनं टिंब केलं.

"हे कशाला?" मामांनी विचारलं.

"अंडं हललं तर कळावं म्हणून. सापाचं अंडं फिरवायचं नसतं, मामा. घातलं तसंच शेवटपर्यंत राहू द्यायचं. आतला जीव वरच्या अंगाला चिकटून वाढतो. फिरवलं की गुदमरतो."

मामांनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर साक्षात कीव होती.

"तीस वर्षांत मी काही लाख अंडी फोडली असतील, पोरी. अंडं ते अंडं. न फिरवलेल्यातनं काय निघतं ठाऊक हाय? वास."

शब्दानं शब्द वाढला. जेवायला बसलो तोवर त्याची पैज झाली होती. मामांच्या हॅचरीत शंभरात ऐंशी पिल्लं निघाली तर खेप पास, खाली गेली तर नापास. तोच नियम इथं लावायचा. ऐंशी टक्के आले तर साप घरात कायमचे, पुन्हा कुणी ब्र काढणार नाही. नाहीतर दोघांनाही नवं घर बघायचं. माझी अट एकच होती, कुणी अंडं फिरवायचं नाही. मामा म्हणाले, फिरवलेलं अंडं हिशेबातच धरायचं नाही, मग झालं? मी चढ्या आवाजात हो म्हणून मोकळी झाले. खोलीत जाऊन बोटांवर हिशेब केला. सहा अंडी. एक वाया गेलं तर चालेल, दोन गेली तर सगुणा आणि गुंड्या गेले. आणि मामा शब्दाला पक्के. स्वतःच्या विरुद्ध जाणारा शब्दसुद्धा त्यांनी कधी फिरवल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

खोलीला कुलूप लावायची सूचनाही त्यांचीच. "माझ्या हातावर माझा भरवसा न्हाई," ते म्हणाले. "उघडं अंडं दिसलं की हात आपसूक जातो." किल्ली आत्यांच्या पदराला बांधली गेली. साप आणि अंडी या दोन्हींपासून चार हात लांब राहणारं घरातलं एकच माणूस म्हणजे आत्या, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मी रोज किल्ली मागून घ्यायचे, पेटीत डोकवायचे, ओल बघायचे, किल्ली परत द्यायचे. दुसऱ्याच आठवड्यात एक अंडं पिवळं पडून खाली बसलं. ते मुळातच वांझ होतं. मामांना दाखवलं. त्यांनी हं केलं आणि मिशीला पीळ दिला. उरली पाच. सगुणानं तोवर दोन मोठे उंदीर खाल्ले होते आणि ती माठात मजेत होती. कुणाच्या घरावर पैज लागली आहे हे तिला काय ठाऊक.

महिना होत आला असेल. मामा पुण्याला खाद्य कंपनीच्या सभेला गेले होते, गाडी चालवायला संग्राम सोबत होता, मी विट्याला कॉलेजात. दुपारी परत आले तर घरभर शिऱ्याचा वास. सण नाही, वार नाही, पाहुणा नाही.

"काय विशेष, आत्या?"

"काय न्हाई. केला आपला."

त्यांनी माझ्याकडं न बघता वाटी पुढं केली. उजवा हात सारखा पदराला पुसत होत्या, जसं काही लागलंय त्याला. मी किल्ली घेतली, पेटी उघडली. चार अंड्यांवर चार टिंबं. डाव्या कोपऱ्यातल्या अंड्यावर टिंब नव्हतं. वाकून पाहिलं तर ते खालच्या बाजूला होतं.

झालं असेल ते मला समोर घडल्यासारखं दिसत होतं. घरात कुणी नाही, किल्ली पदराला. त्या नुसत्या बघायला गेल्या असतील, बाळंतिणीची पोरं ठीक आहेत ना म्हणून. तीच पेटी, तोच बल्बचा उजेड, आणि महिनाभर कुणी न फिरवलेली अंडी. त्यांचा हात डाव्या कोपऱ्याकडं गेला असेल, एक अंडं फिरवून पुढच्या अंड्याला टेकला असेल, आणि तिथं त्यांना आठवलं असेल.

मी अंडं अलगद सारखं करून ठेवलं. बाहेर येऊन शिरा खाल्ला. चांगला झाला होता. किल्ली आत्यांच्या पदराला परत बांधून दिली. मला पहिल्यांदाच मामांचं ते वाक्य आठवून हसू येईना. रागही आला, खरं सांगते. राग आत्यांचा नव्हता. नक्की कुणाचा ते त्या दिवशी मला ठरवता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मामा बॅटरी घेऊन आले. अंडं न हलवता बाजूनं उजेड टाकला की आतलं दिसतं, ही त्यांची विद्या. चार अंड्यांत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधे काहीतरी सावकाश वळत होतं. मामांनी श्वास रोखला. एवढं मोठं माणूस, पण एखाद्या पोरासारखं त्यांनी मला कोपर मारून दाखवलं. मग डाव्या कोपऱ्याकडं उजेड नेला. आत काहीच हलत नव्हतं.

"ह्याला कुणी हात लावलाय," ते हळू आवाजात म्हणाले.

"मुळातच अशक्त असेल," मी म्हणाले.

त्यांनी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग उघड्या दारातून स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसलेल्या आत्यांकडं पाहिलं. बॅटरी बंद केली आणि चप्पल घालून हॅचरीत निघून गेले. त्या दिवशी आमटीत मीठ कमी होतं. ते काही बोलले नाहीत, पण माझ्या तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि त्यातून नखाएवढं नाक बाहेर आलं. आलं, आणि तिथंच थांबलं. मामांचा जीव खालीवर. कोंबडीचं पिल्लू अडलं तर ते कवच जरा सोलून देतात. इथं द्यायचं नाही म्हटल्यावर दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. अख्खा दिवस ते नाक नुसतं श्वास घेत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू बाहेर आलं, वीतभरापेक्षा जरा मोठं, ओलं, आणि माणसं दिसताच त्यानं स्वतःचा लिंबाएवढा चेंडू केला. आत्या दारातून दोन पावलं आत आल्या. त्या पहिल्यांदाच त्या खोलीत येत आहेत, असं संग्राम समजत होता.

त्यापाठोपाठ दुसरं, तिसरं, चौथं. कोपऱ्यातलं अंडं मात्र खचून सुरकुतलं होतं. दोन दिवस आणखी वाट पाहिली, मग मी ते उघडलं. आत अर्ध्यावर थांबलेला जीव होता. मी ते कागदात गुंडाळलं.

मामांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. पैज ती पैज.

"सहात चार," ते म्हणाले. "संग्राम, किती झाले?"

संग्रामनं फोनवर हिशेब केला. सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "सहासष्ट."

मी सगुणाच्या डब्याकडं पाहिलं. ती माठातून डोकं बाहेर काढून जीभ लपलपवत होती. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. कोपऱ्यातलं अंडं फिरवलं गेलं होतं, ते हिशेबात धरायचं नाही. एवढं म्हटलं असतं की साप राहिले असते. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी फिरवलं हा असणार होता, आणि उत्तर दाराच्या चौकटीला धरून उभं होतं. तीस वर्षं न केलेल्या चुकांना चुकले बाई म्हणणारी बाई आता खरोखरच चुकली होती. ते वाक्य तिच्या अंगावर माझ्या तोंडून जायला नको होतं. सापांची मनातल्या मनात माफी मागितली. मला रडायला येत होतं आणि मी ते लपवतही नव्हते.

आत्यांनी चौकट सोडली. "अहो, ते..." त्यांनी सुरुवात केली.

"थांब जरा," मामा म्हणाले. ते पेटीकडं बघत होते, आमच्यापैकी कुणाकडंच नाही. "कोपऱ्यातलं धरू नका. ते मी फिरवलंय."

"तुम्ही?" संग्राम म्हणाला. "किल्ली तर आईकडं होती."

"काढून घेतली होती. ती झोपली होती तवा. हात राहिला न्हाई." त्यांनी घसा खाकरला. "चूक माझी हाय."

हे तीन शब्द त्या घराच्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकले असतील. संग्राम बापाकडं असा बघत राहिला, जसं काही त्यांनाच नवीन नाक फुटलंय. अंडं फिरलं त्या दिवशी मामा इथं नव्हते, पुण्याला होते, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. तो दिवस फक्त मला आणि आत्यांना ठाऊक होता. आत्या नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांचा उजवा हात पदराला पुसायला निघाला आणि मधेच थांबला.

"पाचात चार," मामा म्हणाले. "किती झाले?"

"ऐंशी," संग्राम म्हणाला.

"मग पास की. राहू देत साप." आणि ते बाहेर हौदावर जाऊन हात धुवायला लागले, कशालाही न लावलेले हात, बराच वेळ.

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. पिल्लांना जाणत्या लोकांकडं घरं मिळाली, नोंदी झाल्या. सगुणा आणि गुंड्या अजून आमच्याकडं आहेत, तोच फुटका माठ आहे. मामांना मी कधी काही विचारलं नाही.

पैजेचा निकाल लागला त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा पहिल्याच घासाला संग्रामनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. आत्यांचं लक्ष दिवसभर कुठं होतं कोण जाणे. आम्ही दोघं खाली मान घालून मामांच्या वाक्याची वाट बघत बसलो. इतक्या वर्षांची सवय. मामांनी भाकरी कुस्करली, त्यावर आमटी ओतली, सगळी खाल्ली आणि वाटी पुढं केली.

"वाढ अजून."

"खारट झालीया," आत्या म्हणाल्या.

"मला न्हाई लागत," मामा म्हणाले.